वॉल्टचं मत

पोर्ट हॅलममध्ये भाव ठरल्याशिवाय होडी हलत नाही. म्हणजे हलत नसे. डिसेंबर उजाडला, खेकड्यांचा हंगाम सरकारनं खुला केला, समुद्र अगदी तळ्यासारखा पडलेला असला, तरी बासष्टच्या बासष्ट होड्या धक्क्याला बांधलेल्या. फिनिश लोकांच्या जुन्या सभागृहात सगळे जमणार, कॉफीचं मोठं भांडं चढणार, एकमेकांच्या सात पिढ्या काढल्या जाणार, आणि मग हात वर करून ठरणार की पौंडभर खेकड्याला इतके डॉलर दिलेत तर जातो, नाहीतर बसलोय आम्ही. एका होडीला एक मत. कधी चार दिवसांत कंपन्या नरमायच्या, कधी पाच आठवडे लागायचे. त्या पाच आठवड्यांत लोक बटाट्यावर दिवस काढत, पण चोरून बाहेर जायची कुणाची छाती नव्हती. गेला असता तर त्याच्या मयतीलाही कुणी आलं नसतं.

आणखी एक रीत होती, ती कुठं लिहिलेली नव्हती. नदीच्या तोंडाशी लाटा माजतात, तिथं दर दोन-चार वर्षांनी एखादी होडी उलटते. माणूस गेला तरी त्याचं मत जात नसे. ते त्याच्या बायकोकडे यायचं, ती असेपर्यंत. तिच्याकडे होडी नसली तरी. हंगामाला भाव ठरायचा तेव्हा ती सभागृहात येऊन नवऱ्याच्या खुर्चीत बसायची आणि त्याच्या नावानं हात वर करायची. त्याबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नाही.

ही रीत नोरीन टॅव्हर्नियरनं पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सगळा घोटाळा तिथंच झाला.

नोरीन राजधानीतली. 'खुला बाजार' नावाची तिची संस्था, म्हणजे एका दातांच्या डॉक्टरच्या वर दोन खोल्या, तीन माणसं आणि एक छपाईचं यंत्र जे कागद गिळायचं. काम काय, तर मोठ्या कंपन्या एकमेकींना गिळतात, बाजारात एकच गिऱ्हाईक किंवा एकच दुकानदार उरतो, त्याविरुद्ध ओरडायचं. मक्तेदारीविरुद्धचा कायदा आहे, तो वापरा म्हणून सरकारच्या मागे लागायचं. नऊ वर्षं ती हेच करत होती. अहवाल लिहायची, पत्रं पाठवायची, आमदारांच्या दाराशी ताटकळत उभी राहायची. राज्याच्या कायदा खात्यात तिला बघून लोक कागदात डोकं खुपसायचे. एका पत्रात तिनं ठणकावून लिहिलं होतं, "कायदा आहे तसा लावा. लहान-मोठा बघू नका, कुणाला सवलत देऊ नका." ते पत्र तिला इतकं आवडलं होतं की तिनं ते संस्थेच्या अहवालाच्या पहिल्या पानावर छापलं.

आणि मग हार्डविक कंपनीनं ब्लँचेट कंपनी विकत घ्यायचं जाहीर केलं. पोर्ट हॅलममध्ये खेकडे घेणाऱ्या दोनच कंपन्या, ह्या दोन. एक झाल्या की बासष्ट होड्यांना एकच दार. त्या दारावरचा माणूस म्हणेल तो भाव. खेकडा जिवंत विकावा लागतो, तो काही गोदामात ठेवून वाट बघता येत नाही. नोरीननं इतका तगादा लावला, की कायदा खात्यानं एकदाचा दावा ठोकला. बारा वर्षांत पहिल्यांदा. आता फक्त साक्षीदार हवे होते, म्हणून फेब्रुवारीत ती पोर्ट हॅलमला आली आणि इल्मा रौतियोच्या माडीवर भाड्यानं राहिली.

इल्मा त्र्याहत्तर वर्षांची. नवरा वॉल्ट सव्वीस वर्षांपूर्वी नदीच्या तोंडाशी गेला. तेव्हापासून तिनं धक्क्याच्या कडेला टपरी टाकली होती. होड्यांवरून खेकडे घ्यायचे, मोठ्या पातेल्यात उकडायचे आणि उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना विकायचे. तोंडानं फटकळ, हाताला मोकळी. नोरीनला तिनं पहिल्याच दिवशी वेलचीचा पाव पुढ्यात ठेवून सुनावलं होतं, "खा. तुमच्या राजधानीत काय फक्त कागद खातात का?"

होडीवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष गस ब्राटलँड, तोही टपरीवर यायचा. अंगानं आडवा, बोलायला तिरका. तो आणि त्याचा धाकटा भाऊ आर्ने, दोघांच्या होड्या शेजारी शेजारी बांधलेल्या असत. गसनं नोरीनला आधी दोन आठवडे खेळवलं.

"तुम्ही आमच्यासाठी भांडणार म्हणे," तो म्हणाला. "कधी खेकडा धरलाय का?"

"नाही."

"मग खाल्लाय तरी का?"

"डबाबंद."

"बघा आंटी," गस इल्माकडे वळला, "डबाबंद खेकडा खाणारी बाई आपल्याला वाचवणार. गुंडाळा आता गाशा."

"गप रे," इल्मा म्हणाली. "ती निदान आली तरी. तुझा आमदार कधी आलाय?"

अकरा आठवड्यांत नोरीननं चौतीस प्रतिज्ञापत्रं लिहून घेतली. भाव काय मिळतो, दोन कंपन्या असल्यामुळे किती वर मिळतो, एक बिथरली तर दुसरीकडे कसं जाता येतं, सगळं. पण आकडे वाचून न्यायाधीशाला जांभया येतात हे ती नऊ वर्षांत शिकली होती. तिच्या संस्थेत एक ठाम समजूत होती, की माणसाची गोष्ट सांगा, मग कायदा हलतो. प्रत्येक प्रतिज्ञापत्रात एक तरी ओळ अशी हवी की वाचणाऱ्याचा घसा दाटून आला पाहिजे. ह्या सवयीचा नोरीनला अभिमान होता.

इल्माचं प्रतिज्ञापत्र तिनं शेवटी घेतलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

"आंटी, ते वॉल्टच्या मताचं सांगा ना."

"ते कशाला? ते आपलं आपल्यात आहे."

"तेच तर हवंय. तुमचं गाव कसं आहे, एकमेकांना कसं धरून आहे, ते कळू दे कोर्टाला. हार्डविकवाले काय मोडायला निघालेत ते कळू दे."

इल्मानं कपातली कॉफी हलवली. "पोरी, घरातली गोष्ट कोर्टात नेली की ती घरातली राहत नाही."

"न्यायाधीशालाही काळीज असतं, आंटी."

"असेल बाई. तुला ठाऊक." ती सुस्कारा टाकून म्हणाली, "लिही. सव्वीस वर्षं मी वॉल्टच्या जागी बसते. भाव ठरताना हात वर करते. एकदाही चुकले नाही. कंबर मोडली होती तेव्हा गसनं खुर्चीसकट उचलून नेलं होतं."

"आणि टपरी?"

"आणि टपरी चालवते, ह्याच पोरांकडून खेकडे घेऊन. ह्यांनीच मला उभं केलं."

नोरीननं ते सगळं लिहिलं. खुर्चीसकट उचलून नेल्याचंसुद्धा. संस्थेचा प्रमुख हॉवर्ड पेल, स्वतः वकील, त्यानं वाचून फोन केला. "अग, काय सुंदर आहे हे! साक्षीला पहिली हिलाच उभी करू." कायदा खात्याच्या वकिलांनीही मान डोलावली. शिकलेली इतकी माणसं, पण एकाच्याही डोक्यात दिवा लागला नाही.

सुनावणी सप्टेंबरात झाली. गावातून बस भरून माणसं आली होती. इल्मा निळा झगा घालून, केस बसवून साक्षीच्या खुर्चीत बसली आणि सरकारी वकिलाच्या प्रश्नांना अशी धडाधड उत्तरं दिली की मागच्या बाकांवर लोक हसायला लागले. नोरीन भिंतीशी बसून मनात म्हणत होती, जिंकलो.

मग हार्डविकचा वकील उठला. ऑग्डेन नाव, पांढरे केस, आवाज मधासारखा. तो आधी वॉल्टबद्दल दोन शब्द बोलला. मग म्हणाला, "मॅडम, तुमच्या टपरीचे खेकडे फार चवदार असतात म्हणे."

"या कधी. तुमच्याकडून दुप्पट घेईन."

सगळे हसले. ऑग्डेनही हसला. "वर्षाला किती घेता तुम्ही होड्यांकडून?"

"नऊ-दहा हजार पौंड. उन्हाळा बरा असेल तर बारा."

"म्हणजे तुम्ही खरेदीदार आहात. लहानशा, पण खरेदीदार."

"लहानशा कसल्या? टपरीवाल्यांत माझ्याइतकं कुणी घेत नाही."

"अर्थातच. आणि संघटनेत भाव ठरतो तेव्हा तुम्ही मत देता?"

"सव्वीस वर्षं. एकदाही चुकले नाही."

"तुमच्या मालकीची होडी आहे?"

"होडी समुद्राच्या तळाशी आहे," इल्मा म्हणाली. "वॉल्टबरोबर."

"मला वाईट वाटतं, मॅडम. आणखी काही विचारायचं नाही."

तो बसला. टंकलेखिकेच्या बोटांचा आवाज थांबला. आणि नोरीनला एकदम सगळं उमगलं. कारण तिला तो कायदा पाठ होता, तिनंच तो एका अहवालाच्या तळटीपेत उतरवून घेतला होता. व्यापाऱ्यांनी एकत्र बसून भाव ठरवणं हा गुन्हा. पण जे स्वतः मासे धरतात, त्यांना एकत्र येऊन भाव ठरवायची मुभा आहे. त्यांनाच, फक्त त्यांनाच. संघटनेत एक जरी घेणारा शिरला आणि भावावर मत द्यायला लागला, की ती मुभा गेली. मग ती मच्छीमारांची संघटना उरत नाही, कायद्याच्या लेखी ती भाव ठरवणारी टोळी होते.

बाहेर आल्यावर गसनं तिच्या पाठीवर थाप मारली. "आंटींनी उडवला की त्या म्हाताऱ्याला! चला, बिअर माझ्याकडून."

"गस," नोरीन म्हणाली, "आपण मेलो."

तिनं त्याला समजावून सांगितलं. तो आधी हसला, कारण त्याला वाटलं राजधानीतल्या बाईचा विनोद असा असतो. मग हसायचा थांबला.

"एका म्हातारीच्या हातामुळे?"

"हो."

"तिच्या एका मतानं भाव कधी एका सेंटानं हललेला नाही!"

"कायद्याला त्याचं काही नाही."

"आणि हे तुला ठाऊक होतं?"

नोरीनला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "ठाऊक होतं. पण लिहिताना माझ्या डोक्यातच आलं नाही. मला ती गोष्ट फार आवडली."

गसनं तिच्याकडे असं बघितलं, की त्यापेक्षा त्यानं मुस्काटात दिली असती तर बरं. "आवडली," तो म्हणाला, आणि बसमध्ये जाऊन बसला.

पुढं सगळं ठरल्यासारखं झालं. आठवड्याभरात हार्डविकनं उलटा अर्ज टाकला, की ज्यांना आम्ही पिळतो म्हणता तेच सव्वीस वर्षं बेकायदा कट करून भाव ठरवत आलेत, घ्या त्यांच्याच साक्षीदाराची साक्ष. अर्जाला नोरीनचं ते लाडकं पत्र जोडलं होतं. लहान-मोठा बघू नका, कुणाला सवलत देऊ नका. कायदा खात्याचे लोक घाबरले. एका बाजूला विलीनीकरण अडवायचं आणि दुसऱ्या बाजूला ह्या संघटनेकडे डोळेझाक करायची, तर पेपरवाले फाडून खातील. बंद खोलीत वाटाघाटी झाल्या. नोव्हेंबरात तडजोड बाहेर आली. हार्डविकला ब्लँचेट मिळाली, दोन-तीन गुळमुळीत अटींवर. आणि पोर्ट हॅलमच्या संघटनेवर दहा वर्षांचा आदेश लागला. भावाबद्दल एकमेकांशी बोलायचं नाही, तोंडी नाही, लेखी नाही, खुणेनंही नाही. पहिल्या चुकीला दंड, दुसरीला मासेमारीचा परवाना जप्त. संघटनेकडे लढायला वकील नव्हता, गसनं सही केली.

नोरीननं कायदा खात्यातल्या मिस वेकफील्डला फोन केला, जिच्या दाराशी तिनं नऊ वर्षं काढली होती.

"तुम्ही त्यांचे हात बांधलेत आणि हार्डविकला मोकळं सोडलंत!"

"नोरीन, कायदा वापरा, कायदा वापरा, म्हणून तूच आमचं डोकं खाल्लंस ना?" मिस वेकफील्ड थकलेल्या आवाजात म्हणाली. "वापरला. आता तरी गप्प बस."

हॉवर्डचं तर काही विचारू नका. त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण दुसऱ्याच वाक्याला तो म्हणाला, "तरी राज्यात ह्या कायद्याखाली बारा वर्षांत निघालेला हा पहिला आदेश आहे. देणगीदारांना सांगताना तसं सांगता येईल. वार्षिक अहवालात घेऊ." तो बोलत असतानाच नोरीननं फोन ठेवला.

आदेश सभागृहात वाचून दाखवायचा, ही पण अट होती. नोरीन गेली. जायला नको होतं, पण न जाणं त्याहून नीच दिसलं असतं. गसनं चष्मा लावून कागद वाचला, कुठंही न थांबता. कॉफीचं भांडं कुणी चढवलं नव्हतं. वाचून झाल्यावर रसेल नावाचा एक जण मागून ओरडला, "काय बाई, मक्तेदारी मोडायला आला होतात ना? मोडलीत. आमची."



इल्मा तिच्या जागेवरून उठली. "माझं नाव काढा यादीतून," ती म्हणाली. "आत्ता काढा. मग तर झालं?"

"आंटी, आता काढून उपयोग नाही," गस म्हणाला. "सही झाली."

"मग आधी का नाही काढलंत? मला का नाही कुणी सांगितलं, की तुझ्यामुळे होतंय म्हणून?"

गस कागदाची घडी घालत राहिला. शेवटी आर्ने म्हणाला, "सुनावणीनंतर ओळखीतला एक वकील म्हणाला होता, की तिला तारीख मागची घालून काढून टाका, कदाचित वाचाल. आम्ही हात वर करून मत घेतलं, आंटी. एकही हात वर आला नाही."

इल्मा खाली बसली आणि रडायला लागली, अगदी हमसून, लोकांसमोर. वॉल्ट गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती, असं नंतर कुणीतरी सांगितलं. नोरीन तिच्याजवळ गेली, वाकून म्हणाली, "आंटी, माझी चूक आहे. तुमची नाही."

"तुझीच आहे," इल्मा म्हणाली. "मी तुला म्हटलं होतं, घरातली गोष्ट कोर्टात नेऊ नकोस. हात काढ माझ्या खांद्यावरचा."

नोरीननं हात काढला. ती त्याच रात्री परत निघणार होती, पण निघाली नाही. रस्त्यावरच्या मोटेलात राहिली, कारण तिला वाटत होतं हंगामाच्या पहिल्या दिवशी काहीतरी होईल. लोक जाणारच नाहीत, प्रत्येकजण आपापल्या मनानं घरी बसेल आणि हार्डविकचा धक्का ओस पडेल. न बोलता बसायला आदेश थोडाच आड येतो? अशा वेड्या आशेवर माणसं जगतात.

डिसेंबरच्या पहिल्या तारखेला सकाळी आठला ती धक्क्यावर होती. वारा पडलेला, आभाळ स्वच्छ. बासष्ट होड्यांवर पिंजरे रचलेले आणि बासष्ट होड्यांची इंजिनं चालू. सगळ्यांची. हार्डविकनं कळवलं होतं, की भाव सकाळी सव्वाआठला ज्याच्या त्याच्या फोनवर येईल, प्रत्येकाचा वेगळा, आणि आज जो जाणार नाही त्याचे खेकडे ह्या हंगामात घेतले जाणार नाहीत. धक्क्याच्या टोकाला कंपनीची पांढरी गाडी उभी होती. टपावर कॅमेरा बसवलेला, आणि गाडीला टेकून दोन माणसं कॉफी पीत होती.

इल्माची टपरी बंद होती. तिला आता कुठल्याही होडीकडून थेट खेकडे घ्यायला मनाई होती, हवे असतील तर हार्डविककडून घ्यायचे.

सव्वाआठला फोन वाजले. एकापाठोपाठ एक, धक्काभर. माणसांनी फोन उघडले, वाचले, आणि छातीशी धरले, पत्ते लपवतात तसे. कुणी कुणाकडे बघेना. रसेलनं वाचलं आणि पाण्यात थुंकला. एका पोरसवदा कप्तानानं दोनदा वाचलं आणि तोंड फिरवून उभा राहिला. भाव चांगला की वाईट, शेजारच्यापेक्षा कमी की जास्त, कुणाला काही कळायला मार्ग नव्हता. नोरीनला दिसलं ते एवढंच, की एकही चेहरा खुलला नाही.

गसनं आपला फोन वाचून खिशात टाकला आणि दोर सोडायला वाकला. शेजारच्या होडीवर आर्ने उभा होता. दोघांमध्ये जेमतेम चार हातांचं अंतर. आर्नेनं फोन वाचला, मान वर केली, भावाकडे बघितलं. दोघं सहा-सात वर्षांचे होते तेव्हापासून एका धक्क्यावर होते. त्याचा उजवा हात आपोआप वर आला, दोन बोटं उघडलेली, तिसरं उघडायच्या बेतात.

पांढऱ्या गाडीला टेकलेल्या माणसानं कॉफीचा पेला खाली ठेवला.

"आर्ने!" नोरीन जिवाच्या आकांतानं ओरडली. "हात खाली घे! खाली घे तो हात!"

अख्ख्या धक्क्यानं वळून तिच्याकडे बघितलं. आर्नेनं स्वतःच्या बोटांकडे बघितलं, मग मूठ मिटून हात कोटाच्या खिशात घातला.

"जशी आज्ञा, बाई," तो म्हणाला, आणि होडी सोडली.